पेठेतल्या पडक्या वाड्याच्या सर्व्हेला निघण्याआधी

प्रोजेक्टसाठी पुण्याच्या पेठेतला पडका वाडा घेतला असेल, तर टेप शोधण्याआधी कागद शोधा. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. मालकाच्या रकान्यात वारसांची रांग दिसली तर दचकू नका. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, रस्तारुंदीची रेषा त्याच्या ओसरीतून जाते का, 'धोकादायक' म्हणून नोटीस लागली आहे का, हे आधीच कळलेलं बरं. नोटीस असेल तर वरच्या मजल्याचा हट्ट सोडा.

'रिकाम्या' वाड्यातही मागच्या खोलीत एखादं बिऱ्हाड असतं. टेप दिसला की त्यांच्या पोटात गोळा येतो. कॉलेजचं पत्र दाखवा, आपण बिल्डरची माणसं नाही हे सांगा आणि ते चहा देतील तर घ्या. पानशेत धरण फुटलं त्या १२ जुलै १९६१ च्या दिवशी पाणी कुठवर चढलं होतं, हे आजींना विचारा. मातीत बांधलेली भिंत एकदा भिजून फुगली की तिचं पोट पुढेही दिसत राहतं. नदीजवळच्या पेठेत हा प्रश्न चुकवलात तर निम्म्या भेगांचं कारण हाती लागणार नाही.

सामान फार नको. ३० मीटरचा टेप, ५ मीटरचा टेप, ओळंबा, पातळी बघायची गवंड्याची पाण्याची नळी, दोन टॉर्च, जाड तळाचे बूट, हेल्मेट, कबुतरांच्या घाणीसाठी मास्क. लेझर मीटर खोलीत छान, पण भर दुपारी चौकात त्याचा लाल ठिपका सापडत नाही. एकटं जाऊ नका. लोंबणारी वायर जिवंतच समजा. आडावर टाकलेल्या फळ्यांवर पाय ठेवू नका.

मोजताना प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या. मी पहिल्या वाड्यात फक्त चार भिंती मोजल्या. रात्री नकाशा काढायला बसलो तर चौक जुळेना, कारण तो काटकोनी नव्हताच. पुन्हा मोजायला जायचं म्हणून किल्लीवाले काका कुलूप उघडायला चिंचवडहून परत आले. त्यांनी काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. मापं एका टोकापासून सलग वाचा, तुकडे मोजून बेरीज केली की चूकही वाढत जाते. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मिळते.

लाकूड मात्र सावकाश बघा. खांबाचा मधला भाग खणखणीत वाटतो. कुजतं ते तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, टेकलेलं बूड आणि भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा, सहज आत गेला तर नकाशावर लाल खूण करा. वाळवीच्या मातीच्या नळ्यांचा फोटो घ्या, फोटोचा नंबर नकाशावर लिहा. भेग जुनी की चालू, हे एका फेरीत सांगता येत नाही. मालकाची परवानगी असेल तर भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख घाला. पुढच्या खेपेला काच तडकलेली दिसली, तर भिंत अजून हलते आहे.

दुसरी खेप पहिल्या मोठ्या पावसानंतरची ठेवा, आत न शिरता. कौलांतून पाणी कुठे उतरतं ते दिंडी दरवाजातूनही दिसतं.