बूथवर उमेदवाराचे एजंट म्हणून बसता? मंग हे नंबर लिहून घ्या

निकालाच्या दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर जो तो म्हणते मतदानाची मशीन (ईव्हीएम) मॅनेज झाली, अन् विचारलं का भाऊ तुमच्या बूथवरच्या कंट्रोल युनिटचा, म्हणजे मतं साठवणाऱ्या मशीनचा, नंबर काय होता, तं सगळे चूप. मीही त्यातलाच. पहिल्यांदा एजंट झालो तवा सव्वासहाला पोचलो, मॉक पोल, म्हणजे मतदानाआधीची मशीनची चाचणी, होऊन गेला होता, दाखवतील तिथं सह्या ठोकल्या, अन् मोजणीच्या टेबलावर साहेब नंबर वाचून दाखवत होते तं माझ्याजवळ जुळवायला एक चिठोरी नाही.

शंका घेणं काही चूक नाही. 2010 मध्ये हरी प्रसाद, हाल्डरमन अन् गोंग्राइप या कॉम्प्युटर सुरक्षेच्या अभ्यासकांनी खरी मशीन घेऊन दाखवलं होतं का आतला डिस्प्ले बदलला तं आकडा बदलता येते. पण त्यासाठी मशीन उघडा लागते, म्हणून आपल्याला पाहायचं ते हेच, मधात कोणी उघडली का, बदलली का.

आदल्या दिवशीच उमेदवाराकडून आपल्या बूथच्या बॅलट युनिट (मताची बटणं असते ते), कंट्रोल युनिट अन् व्हीव्हीपॅटचे (मताची चिठ्ठी छापणारी मशीन) नंबर घ्या, रँडमायझेशन, म्हणजे कोणती मशीन कोणत्या बूथवर ते कॉम्प्युटरनं ठरवणं, झाल्यावर ती यादी त्यांना भेटते. फॉर्म 10, म्हणजे एजंट नेमल्याचं पत्र, सोबत ठेवा, अन् मोबाईलच्या भरवशावर राहू नका, पेन अन् शंभर पानी वही न्या.

मतदान 7 ला असलं तं मॉक पोल साडेपाचला. एजंट आले नाही तं पंधराएक मिनिटं वाट पाहून सुरू करतात, म्हणून चहा नंतर. कमीत कमी 50 मतं पडली पाहिजे, नोटा धरून सगळ्या बटणांवर, अन् कोणतं कितीदा दाबलं ते वहीत रेघा मारून मोजत जा. मंग कंट्रोल युनिटवरची बटणं, क्लोज, रिझल्ट, चिठ्ठ्यांशी मेळ, अन् सगळ्यात महत्त्वाचं क्लिअर, म्हणजे चाचणीची मतं पुसणं. क्लिअर झाल्यावर टोटल दाबायला सांगा, शून्य स्वतःच्या डोळ्यानं पाहा. व्हीव्हीपॅटच्या डब्यातल्या चिठ्ठ्याही काढल्या का पाहा. कंट्रोल युनिटला लावायच्या हिरव्या पेपर सीलवर सही कराल तवा त्याचा नंबर आधी वहीत, सही मंग.

आता जागेचं. झेडपीच्या शाळेत कवेलू सरकलेलं असते अन् दहाअकरा वाजता उन्हाचा कवडसा बरोबर टेबलावर येते. व्हीव्हीपॅटला उजेड चालत नाही. 2018 च्या मे महिन्यात भंडारा-गोंदियाच्या पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट बंद पडल्या अन् 49 केंद्रांवर फेरमतदान घ्या लागलं, आयोगानं तेव्हा जास्त उजेडाचंही कारण सांगितलं. म्हणून सकाळीच छपराकडे पाहून मशीन कुठं ठेवायची ते केंद्राध्यक्षांना सांगा, आवाज न चढवता, त्यांचीही रात्रभर झोप झालेली नसते.

चिठ्ठी काचेतून 7 सेकंद दिसते. दुसऱ्याच चिन्हाची आली असं कोणी म्हटलं तं भांडण नको, नियम 49एमए आहे, लेखी द्यायचं, टेस्ट मत घेतात. पण तक्रार खोटी निघाली तं कारवाई होते हे त्या माणसाला आधीच सांगा, आमच्याकडे जोश लवकर चढते.

संध्याकाळी क्लोज दाबेपर्यंत हलू नका, अन् वेळ सगळीकडे सारखी नसते, 2024 ला गडचिरोलीकडे बऱ्याच बूथवर 3 वाजताच संपलं होतं. टोटलचा आकडा लिहा, 17ए रजिस्टरशी (मतदारांच्या नोंदीचं) मिळवा, अन् 17सी ची (किती मतं पडली त्याचा हिशोब) सही केलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नका. थकलेला माणूस उद्या देतो म्हणते, उद्या कोणी देत नाही. पेटीच्या सीलवर आपलीही सही टाका.

मोजणीपर्यंत मशीन ठेवतात त्या स्ट्राँगरूमबाहेर पहाऱ्याची पाळी लावता येते. मोजणीला आधी कंट्रोल युनिटचा नंबर, मंग सील, मंग टोटल 17सी शी जुळवा. जुळलं नाही तं रिझल्ट बटण दाबायच्या आधी बोला. सुप्रीम कोर्टाच्या 26 एप्रिल 2024 च्या निकालानं दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला 5 टक्के मशीनची तपासणी मागता येते, पण निकालानंतर 7 दिवसांतच, अन् कोणती मशीन मागायची हे सांगायला तुमची वही लागते.