नागपुरात बसून समुद्रातल्या बोयांचे आकडे कसे वाचायचे

समुद्रातल्या आकड्यांवरून विदर्भाच्या पावसाचा अंदाज कसा तपासायचा, ते इथे बघू. एल निनो म्हणजे विषुववृत्ताजवळच्या प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं; अशा वर्षी आपला पाऊस बहुधा घटतो. १९८२-८३ चा मोठा एल निनो पुरता अंगावर येईपर्यंत शास्त्रज्ञांच्याही लक्षात आला नव्हता. त्यानंतर विषुववृत्तीय प्रशांत महासागरात सुमारे ७० बोये, म्हणजे आकडे नोंदवणारे तरंगते पिंप, नांगरले गेले. हे 'टाओ' जाळं १९९४ मध्ये पूर्ण झालं. हिंदी महासागरात २००४ पासून 'रामा' हे तसंच जाळं उभं राहत गेलं. दोन्हींचे आकडे अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

सुरुवात एकाच बोयापासून करा: विषुववृत्त, १४०° पश्चिम. दैनिक सरासरी तापमानाची फाइल घ्या. पृष्ठभागाचं तापमान उपग्रहही देतो; बोयाची खरी किंमत आहे ती तारेवर ५०० मीटरपर्यंत लावलेल्या सेन्सरांची. त्यांवरून पाणी २०° सेल्सिअसला कुठे येतं ती खोली काढायची; वरचं गरम पाणी आणि खालचं थंड पाणी यांची ती साधारण सीमा. समजा, १०० मीटरवर २१.४° आहे आणि १२० मीटरवर १८.२°. १.४ ला ३.२ ने भागा, २० ने गुणा. ८.७५ आले, म्हणजे खोली १०८.७५ मीटर. आता त्या-त्या महिन्याची निदान २० वर्षांची सरासरी यातून वजा करा. पूर्ण विषुववृत्तीय पट्ट्यात ही खोली वाढलेली दिसली, तर गरम पाणी साठतंय. पृष्ठभागावर एल निनो दिसण्याच्या बहुधा सहा-नऊ महिने आधी.

गडबड होते ती साफसफाईत. नेटसीडीएफ (वैज्ञानिक आकडे साठवायचा एक प्रकार) फाइलमध्ये हरवलेल्या नोंदीच्या जागी १ वर ३५ शून्यं असतात. ती चटकन डोळ्यात भरतात. साध्या मजकुराच्या फाइलमधलं −९.९९९ जास्त घातक, कारण ते तापमानासारखंच दिसतं आणि सरासरी गुपचूप खाली ओढतं. गुणवत्तेचे संकेतांकही बघा: १ आणि २ ठेवा, ४ शंकास्पद, ५ म्हणजे सेन्सर बिघडलेला. शेजारचे दोन सेन्सर बंद असतील तर मधली खोली अंदाजाने भरू नका, तो दिवस सोडा. महिन्यात १५ दिवसही उरले नाहीत, तर महिनाच सोडा. रामात अशी भगदाडं बरीच सापडतील. बोयाखाली मासे जमतात, माशांमागे बोटी येतात आणि तारा तुटतात.

तरीही रामा टाळता येत नाही. १९९७ मध्ये एल निनो जबरदस्त होता, पण हिंदी महासागराची पश्चिम बाजू पूर्वेपेक्षा तापली आणि देशाचा पाऊस सरासरीइतका झाला.

पावसासाठी हवामान खात्याची पाव अंश अक्षांश-रेखांशाच्या चौकटींची आकडेवारी घ्या आणि पूर्ण विदर्भाची जून ते सप्टेंबरची बेरीज करा. एकट्या नागपूरवर विसंबू नका. २०२३ हे एल निनोचं वर्ष, तरी २३ सप्टेंबरच्या पहाटे काही तासांत १०० मिमीहून जास्त कोसळला आणि शहरातला अंबाझरी तलाव ओसंडला. रोजचे आकडे जुळवणार असाल तर बोयाचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो, पावसाची नोंद मात्र सकाळी साडेआठला होते, हे धरून चला.

शेवटी बोयांचे आकडे आणि पाऊस यांचा सहसंबंध, म्हणजे दोन्ही किती जुळून वर-खाली होतात ते सांगणारा −१ ते १ मधला आकडा. ३० वर्षांच्या आकड्यांत ०.३६ च्या आतला सहसंबंध योगायोगानेही येतो, त्यावर भाकीत उभारू नका. मग एकेक वर्ष बाजूला ठेवून बाकीच्यांवरून त्याचा पाऊस काढा. नुसती सरासरी सांगण्यापेक्षा चूक कमी झाली, तरच मॉडेल ठेवा. मार्च ते मे या काळात प्रशांत महासागराचे अंदाज सर्वांत कच्चे असतात, म्हणून मार्चमधल्या आकड्यांवर कुणाला पेरणीचा सल्ला देऊ नका.