कूलरच्या टाकीसाठी पहिलं सर्किट: हात घालण्याआधीची तयारी

मे महिन्यात नागपुरात कूलरच्या टाकीत पाइप सोडला की कुणाला तरी तिथे उभं राहावं लागतं, नाहीतर पाणी गॅलरीभर वाहतं. टाकी भरली की दिवा लावणारं सर्किट आठवी-नववीच्या मुलांसाठी म्हणूनच फार चांगलं. ते ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, भाग मोजकेच लागतात, आणि ओहमचा नियम, एकसर जोडणी, ट्रान्झिस्टरचा स्विच या तीनही गोष्टी एकाच वेळी हाताला कळतात. प्रत्येक भाग ब्रेडबोर्डात (सोल्डर न करता भाग खोचून सर्किट जोडायचा छिद्रांचा बोर्ड) खोचण्याआधी मोजलेला असला, तर ते पहिल्या बैठकीतच चालू होतं. म्हणून ही तयारी जोडणीपेक्षा लांब आहे.

सगळ्यात आधी जागा. पूर्ण चाचणी प्लास्टिकच्या बादलीत करायची. कूलरपर्यंत सर्किट शेवटी न्यायचं, तेही कूलरचा प्लग सॉकेटमधून काढून. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बऱ्याच घरांत वायरिंग उलटं झालेलं असतं आणि बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतं. पंपाचं इन्सुलेशन खराब असेल तर टाकीतलं पाणी आणि लोखंडी बॉडी दोन्हींत २३० व्होल्ट उतरू शकतात, आणि तेव्हा मुलाच्या हातात त्याच पाण्यात बुडवलेल्या तारा असतील. कूलरला तीन पिनांचा प्लग आहे ना, आर्थिंग सॉकेटपर्यंत खरोखर आलेलं आहे ना, आणि घराच्या वीज बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (धारा गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच पाहून घ्यावं. हे झालेलं नसेल तर सर्किट बादलीपुरतंच ठेवा.

खरेदी नागपुरातल्या बर्डीवर (सीताबर्डीत), मोदी नंबरच्या गल्ल्यांकडे एका फेरीत होते, पण चिठ्ठीवर किमती नाही, व्हॅल्यू लिहून न्या. ‘भाऊ, एलईडीचं सामान द्या’ म्हटलं तर काहीही मिळेल. पाव वॉटचे कार्बन फिल्म रेझिस्टर ४७० ओहम, १० किलोओहम आणि १०० किलोओहम, प्रत्येकी दहा. लाल ५ मिलिमीटर एलईडी दहा. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर पाच, शक्यतो शेवटी ‘बी’ अक्षर असलेले, कारण त्यांचा गेन, म्हणजे धारा किती पट वाढते तो आकडा, २०० ते ४५० च्या मधला असतो. १एन४००७ डायोड पाच. १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर दोन. ८३० छिद्रांचा एक ब्रेडबोर्ड, ९ व्होल्टची बॅटरी, तिचं क्लिप, एक छोटा स्लाइड स्विच. वायर २२ गेजची, एका तारेची, लाल आणि काळी दोन-दोन मीटर. बारीक तारांच्या जुडीची वायर ब्रेडबोर्डात दुमडते आणि आतच तुटते. ती घेऊ नका. एलईडी आणि ट्रान्झिस्टर जास्तीचे आहेत ते जळतात म्हणून. रेझिस्टर जास्तीचे आहेत ते हरवतात म्हणून.

मल्टिमीटर स्वस्तातला डिजिटल चालेल, पण त्याचीच तपासणी पहिली. बझरवर (जोडणी सलग असली की वाजणारी सेटिंग) ठेवून दोन्ही टोकं एकमेकांना लावा. आवाज तुटक आला तर लीडची वायर आतून तुटली आहे. पडद्यावर बॅटरीचं चिन्ह दिसत असेल तर सेल बदला, कारण थकलेल्या सेलवर मीटर व्होल्टेज वाढवून दाखवतो आणि तुम्ही चांगल्या सर्किटात चूक शोधत बसता. लाल लीड १० अँपिअरच्या भोकात राहून गेली आणि तशीच बॅटरीला लावली तर बॅटरी शॉर्ट होते. त्या भोकाला बहुतेक स्वस्त मीटरांत फ्यूजही नसतो. रोध मोजताना भाग सर्किटातून बाहेर काढलेला हवा, नाहीतर त्याला समांतर असलेले बाकीचे मार्गही मोजले जातात आणि १० किलोओहमचा रेझिस्टर ३ किलो दिसतो.

आता भाग एकेक करून मीटरवर घ्या. ४७० ओहमवर पिवळा, जांभळा, तपकिरी आणि सोनेरी पट्टा असतो. १० किलोओहमवर तपकिरी, काळा, नारिंगी. ट्यूबलाइटच्या उजेडात लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात, म्हणून पट्टे वाचून झाल्यावर मोजायचंच. सोनेरी पट्टा म्हणजे ५ टक्के, तेव्हा ४७० च्या जागी ४४७ ते ४९३ आलं तर ठीक. डायोड मोडमध्ये १एन४००७ एका बाजूने ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो आणि दुसऱ्या बाजूने काहीच नाही. पांढरा पट्टा कॅथोडचा. याच मोडवर लाल एलईडी मंद पेटतो, मग लांब पाय कापला गेलेला असला तरी धन बाजू कळते. बॅटरी मोकळी मोजू नका. दमलेली बॅटरीसुद्धा मोकळी असताना साडेआठ व्होल्ट दाखवते. एलईडी आणि रेझिस्टर जोडून मोजा, साडेसातच्या खाली गेली तर ती बाजूला ठेवा.

जोडणीआधी कागदावर हिशेब हवा. जॉर्ज ओहमने १८२७ साली मांडलेला नियम इथे एका ओळीत वापरायचा: रोधावर उरलेलं विभवांतर भागिले रोध म्हणजे विद्युतधारा. बॅटरीचे ९ व्होल्ट. उलट्या क्लिपपासून वाचवायला एकसर टाकलेला डायोड ०.७ खातो, लाल एलईडी २, पूर्ण चालू झालेला ट्रान्झिस्टर ०.२. उरले सुमारे ६.१ व्होल्ट; भागिले ४७० म्हणजे १३ मिलिअँपिअर. एलईडीला एवढं पुरेसं, आणि रेझिस्टरमध्ये उष्णता जेमतेम ०.०८ वॉट, म्हणजे पाव वॉटचा आरामात टिकतो. रेझिस्टर न लावता एलईडी थेट ९ व्होल्टवर ठेवला तर धारेला अडवणारं काही उरत नाही आणि तो काही क्षणांत जळतो. हा आकडा मुलाने स्वतः काढलेला असावा, नुसता सांगितलेला पुरत नाही.

ब्रेडबोर्डात मधल्या खाचेच्या प्रत्येक बाजूला पाच-पाच छिद्रं आतून जोडलेली असतात, आणि कडेच्या लांब पट्ट्या पुरवठ्यासाठी. काही ८३० छिद्रांच्या बोर्डांत या पट्ट्या मध्यावर तुटलेल्या असतात. बझर लावून दोन टोकांमध्ये पाहून घ्या. अर्धं सर्किट मेलेलं असण्याचं हे नेहमीचं कारण. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. त्याच आकाराच्या काही दुसऱ्या नंबरांत हा क्रम उलटा असतो, म्हणून डब्यातला कुठलाही काळा ट्रान्झिस्टर उचलून लावू नका.

जोडणी अशी. डायोडनंतरच्या धन पट्टीवरून ४७० ओहम, पुढे एलईडी, तिथून कलेक्टर; एमिटर ऋण पट्टीवर. एक प्रोब (पाण्यात उतरणारं टोक) धन पट्टीला, दुसरा प्रोब १० किलोओहममधून बेसला; पाणी दोन्ही प्रोबना टेकलं की त्यातून बेसला थोडी धारा मिळते, ट्रान्झिस्टर चालू होतो आणि दिवा लागतो. हा १० किलोओहम सोडू नका. दोन प्रोब एकमेकांना किंवा टाकीच्या पत्र्याला चिकटले तर पूर्ण व्होल्टेज बेसवर येऊन ट्रान्झिस्टर जळेल. १० किलोओहम असला की धारा एका मिलिअँपिअरच्याही आत राहते. १०० किलोओहम बेस आणि एमिटरच्या मध्ये, म्हणजे ओलसर हवेतली किरकोळ गळती दिवा पेटवत नाही. पाइपाच्या लाटांनी दिवा लुकलुकत असेल तर दुसऱ्या प्रोबपासून ऋण पट्टीपर्यंत १०० मायक्रोफॅरड लावा. १० किलोओहमशी मिळून सुमारे एका सेकंदाचा विलंब मिळतो. त्याची पांढरी पट्टी ऋणाकडे. उलटा लागला तर आत वायू तयार होऊन तो फुगतो, कधी फुटतोही. म्हणून चालू करताना तोंड बोर्डावर वाकवू नका.

चाचणीचं पाणी नळाचं किंवा बोरचं घ्या. आरओच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की दिवा मंद पेटतो किंवा पेटतच नाही, आणि दोष सर्किटाचा वाटतो.

बॅटरीऐवजी १२ व्होल्टचं अडॅप्टर आणि ७८०५ (स्थिर ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) लावायचा मोह होईल. या सर्किटाला त्याची गरज नाही, पण पुढे लागेलच, म्हणून हिशेब इथेच करून ठेवा. १२ मधून ५ व्होल्ट करताना २०० मिलिअँपिअरला १.४ वॉट उष्णता होते. हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) दर वॉटला सुमारे ६५ अंश धरले तर तापमान ९१ अंशांनी चढतं. डिसेंबरात खोली २० अंशांवर असली तर १११. मे महिन्यात दुपारी ४० वर असली तर १३१, म्हणजे १२५ च्या मर्यादेपार. हिवाळ्यात चाललेलं प्रोजेक्ट उन्हाळ्यात बंद पडतं ते यामुळे. हीटसिंक घ्या.

सोल्डरिंग (भाग कायमचे डाखणं) ब्रेडबोर्डावर सगळं चालल्यावरच. २५ वॉटचं आयर्न, ६०-४० ची सोल्डर वायर, प्रत्येक सांध्याला दोन-तीन सेकंद. टेबल कूलरच्या थेट झोतात नको. टिप थंड होते आणि सांधा निस्तेज, खरखरीत बसतो, पण धूर जायला खिडकी उघडी हवी. वायरमध्ये शिसं आहे, काम झालं की साबणाने हात धुवायचे.

प्रोबसाठी तांब्याची तार नको. पाण्यातून एकाच दिशेने धारा गेली की धन बाजूचं तांबं झिजून हिरवं होतं. स्टीलचे दोन स्क्रू प्लास्टिकच्या पट्टीत २ सेंटिमीटर अंतरावर बसवा, टाकीच्या काठाखाली दोन इंचांवर, पत्र्याला न टेकता. स्लाइड स्विच फक्त भरताना चालू. कडक पाण्याचा पांढरा थर स्क्रूंवर चढला की दिवा उशिरा पेटायला लागतो. लिंबाची फोड घासून काढा.