बोटावरून आलेले इंग्रजी शब्द: या चुका टाळा

ग्रीक भाषेत बोटाला ‘डाक्टुलॉस’ म्हणतात. या एका शब्दापासून इंग्रजीत प्राणिशास्त्राचे, वैद्यकाचे, काव्यशास्त्राचे आणि गुन्हे तपासाचे कितीतरी शब्द तयार झाले आहेत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, जीवशास्त्र शिकणारे आणि वैद्यकीय मजकुराचा अनुवाद करणारे लोक बहुतेक वेळा ‘डॅक्टिल म्हणजे फिंगर’ एवढे समीकरण पाठ करून पुढे जातात. बहुतेक चुकांचे मूळ या समीकरणातच आहे.

‘फिंगर’ नव्हे, ‘बोट’

इंग्रजी ‘फिंगर’ फक्त हाताचे असते, पायाच्या बोटाला ‘टो’ हा वेगळा शब्द आहे आणि अंगठा पुष्कळदा फिंगरमध्ये धरलाच जात नाही. ग्रीक शब्दाला ही बंधने नाहीत. हाताचे, पायाचे, अंगठ्यासकट सगळे त्यात येते, म्हणजे आपण मराठीत ज्या अर्थाने ‘बोट’ म्हणतो अगदी त्याच अर्थाने. त्यामुळे मराठी वाचकाने मधली इंग्रजी पायरी गाळून थेट ‘बोट’ असा अर्थ लावावा, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पायाला सहावे बोट असलेल्या बाळाच्या कागदावर ‘पॉलिडॅक्टिली’ लिहिलेले पाहून ‘हा शब्द तर हाताच्या बोटांचा’ असा गोंधळ मग होणार नाही. शब्द मोजमापातही तसाच चालतो. प्राचीन ग्रीकांचा एक हात चोवीस डाक्टुलॉसांचा होता आणि आपल्याकडच्या जुन्या मापनातही चोवीस अंगुळांचा एक हात धरतात.

प्राण्यांच्या वर्गीकरणात तर हा खुलासा फारच आवश्यक ठरतो. ‘पेरिसोडॅक्टिल’ म्हणजे विषमखुरी आणि ‘आर्टिओडॅक्टिल’ म्हणजे समखुरी. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच, मधल्या बोटावर उभा असतो आणि त्याचा खूर म्हणजे त्या बोटाचे नख असते. गाय, म्हैस, हरीण, डुक्कर आणि उंट समखुरी आहेत, तर गेंडा तीन बोटांचा असून विषमखुरी आहे. येथे नुसती बोटे मोजून उत्तर लिहिणारा विद्यार्थी टॅपिरपाशी अडतो, कारण या विषमखुरी प्राण्याच्या पुढच्या पायांना चार बोटे असतात. शरीराचा भार मधल्या बोटावर पडतो की तिसऱ्या व चौथ्या बोटांच्या मधोमध, ही या विभागणीची खरी कसोटी आहे. टॅपिरचा भार मधल्या बोटावरच पडतो.

शेवटचे अक्षर गाळू नका

‘पॉलिडॅक्टिली’ हे जास्तीची बोटे असण्याच्या स्थितीचे नाव आहे, तर ‘पॉलिडॅक्टिल’ हे तशी बोटे असलेल्या माणसाचे किंवा प्राण्याचे विशेषण आहे. ‘बाळाला पॉलिडॅक्टिल आहे’ असे वाक्य अनुवादांत सर्रास दिसते आणि ते चूक आहे. बाळाला पॉलिडॅक्टिली असते. ‘सिनडॅक्टिली’ म्हणजे जुळलेली बोटे आणि ‘ब्रॅकिडॅक्टिली’ म्हणजे आखूड बोटे, यांनाही हाच नियम लागू आहे. ‘अरॅक्नोडॅक्टिली’त ‘अरॅक्नो’ म्हणजे कोळी असला तरी त्या शब्दाचा कोळ्याच्या भीतीशी काहीही संबंध नाही. कोळ्याच्या पायांसारखी लांब आणि बारीक बोटे एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि मार्फन सिंड्रोम या आनुवंशिक आजाराच्या वर्णनात तो नेहमी येतो.

यांच्या शेजारी ठेवून वाचावा असा आणखी एक शब्द म्हणजे ‘डॅक्टिलायटिस’. वरचे शब्द बोटांची ठेवण सांगतात आणि ती ठेवण पुष्कळदा जन्मतःच असते. ‘आयटिस’ हा शेवट मात्र दाह सांगतो, म्हणजे बोट नंतर सुजलेले असते आणि त्यामागे एखादा आजार असतो. सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार असलेल्या लहान मुलांमध्ये हातापायांच्या हाडांना रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या तुंबतात, बोटे सुजून टम्म होतात आणि मूल वेदनेने रडते. कधी कधी हेच त्या आजाराचे पहिले लक्षण असते. विदर्भात आणि नंदुरबारच्या भागात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने असल्यामुळे आरोग्यविषयक मराठी लेखनात हा शब्द येणारच. तेथे अनुवादकाने त्याचे ‘बोटांचे जन्मजात व्यंग’ करून टाकले, तर वाचणारे आईवडील उपचारासाठी धावपळ करायच्या वेळी ‘जन्माचेच आहे’ म्हणून स्वस्थ बसतील. एका प्रत्ययाने एवढा फरक पडतो, म्हणून शब्दाचा शेवट प्रत्येक वेळी पूर्ण वाचावा.

टेरोडॅक्टिल

‘टेरोडॅक्टिल’ या नामशेष झालेल्या उडणाऱ्या प्राण्याच्या नावात आरंभीचा ‘पी’ लिहायचा असतो, उच्चारायचा नसतो. ‘टेरो’ म्हणजे पंख. हेच पद ‘हेलिकॉप्टर’च्या शेवटी येते आणि तेथे ‘प’ स्पष्ट ऐकू येतो, हे ध्यानात घेतले की स्पेलिंग विसरत नाही. अर्थाची चूक मात्र अधिक गंभीर आहे. ‘पंखासारखी बोटे’ असे अनेकवचनी भाषांतर केले की डोळ्यांपुढे वटवाघूळ उभे राहते, कारण वटवाघळाचा पंख अनेक लांब बोटांवर ताणलेला असतो. टेरोडॅक्टिलचा पंख केवळ एका, अतिशय लांबलेल्या चौथ्या बोटाने तोलला होता. जर्मनीतील चुनखडीत सापडलेल्या जीवाश्माचे वर्णन इटालियन निसर्गशास्त्रज्ञ कोलिनी यांनी 1784 मध्ये प्रसिद्ध केले, पण त्यांनी तो समुद्रात राहणारा प्राणी मानला. तो उडणारा सरपटणारा प्राणी असल्याचे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी ओळखले आणि 1809 मध्ये त्याला हे नाव दिले. टेरोडॅक्टिलला डायनोसॉर म्हणणे ही तर पाठ्यपुस्तकांबाहेर सगळीकडे पसरलेली चूक आहे. तो टेरोसॉर या वेगळ्या गटातला आहे.

कवितेतले बोट

छंदशास्त्रात ‘डॅक्टिल’ म्हणजे एक दीर्घ आणि दोन ऱ्हस्व अवयवांचा (म्हणजे उच्चारातल्या अक्षरांचा) गण. तर्जनी समोर धरून पाहिली की नावाचे कारण कळते, कारण तळव्याकडचे पेर लांब आणि पुढची दोन आखूड असतात. अंगठ्याला दोनच पेरे असल्यामुळे तो येथे उपयोगाचा नाही. आपल्या ‘यमाताराजभानसलगा’मधला ‘भानस’, म्हणजे भगण, नेमका हाच गण आहे. ‘सुंदर’ आणि ‘मंगल’ हे शब्द वृत्तात भगणच होतात, आणि दोधक वृत्तात तीन भगणांमागून दोन गुरू येतात. विद्यार्थी भगण आणि सगण यांची अदलाबदल करतात. लघू, लघू, गुरू हा सगण असून त्याला इंग्रजीत ‘ॲनपेस्ट’ म्हणतात. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. होमरच्या महाकाव्यांतील डॅक्टिल आपल्या गणांप्रमाणे उच्चाराच्या लांबीवर ठरतो, परंतु इंग्रजी कवितेत तो आघातावर, म्हणजे उच्चारातल्या जोरावर ठरतो. म्हणून ‘पोएट्री’ हा इंग्रजी शब्द डॅक्टिल आहे, पण खुद्द ‘डॅक्टिल’ हा दोनच अवयवांचा असल्यामुळे डॅक्टिल होऊ शकत नाही. इंग्रजी ओळीवर लघुगुरूच्या खुणा करत बसल्यास हिशेब कधीच जुळणार नाही.

ठसे, टंकलेखन आणि बोटांची लिपी

‘डॅक्टिलॉस्कपी’ म्हणजे अंगुलिमुद्रांवरून ओळख पटवण्याचे शास्त्र. भारतात हे काम फार लवकर रुजले. कोलकात्यात 1897 मध्ये अंगुलिमुद्रा केंद्र सुरू झाले आणि बंगालचे तेव्हाचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्गीकरणात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. ‘डॅक्टिलॉग्रफी’ इंग्रजीत याच क्षेत्रातला शब्द आहे, परंतु फ्रेंचमध्ये त्याच घडणीचा शब्द टंकलेखनासाठी वापरतात. त्यामुळे फ्रेंच मजकुरातील ‘डाक्टिलो’ ही व्यक्ती ठसेतज्ज्ञ नसून टंकलेखक असते. ‘डॅक्टिलॉलॉजी’ म्हणजे बोटांनी एकेक अक्षर दाखवणे. तिला कर्णबधिरांची संपूर्ण सांकेतिक भाषा म्हणू नये, कारण सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण असते आणि अक्षरे दाखवणे हा तिचा एक लहानसा भाग आहे.

या घराण्यात न बसणारे शब्द

‘डिजिट’ आणि ‘डिजिटल’ हे शब्द बोटावरूनच आले आहेत, पण ते लॅटिन ‘डिजिटस’पासून. ‘डिडॅक्टिक’ शिकवण्याच्या क्रियापदापासून आला आहे आणि ‘टॅक्टाइल’ लॅटिनमधील स्पर्शापासून. या दोघांचा बोटाशी व्युत्पत्तीचा संबंध नाही. शंका आली तर स्पेलिंग पाहावे. ‘डी, ए, सी, टी’ यांच्यामागून ‘वाय’ आणि ‘एल’ आले तरच तो या घराण्याचा शब्द समजावा, आणि ‘वाय’च्या जागी ‘आय’ लिहिण्याची चूक करू नये. एकच मोठा अपवाद आहे, तो म्हणजे खजुराला म्हणतात तो ‘डेट’. हा शब्द लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून झिजत आला असल्यामुळे त्यात ‘डाक्टुलॉस’ची एकही ठळक खूण उरलेली नाही. तारीख या अर्थाचा ‘डेट’ मात्र ‘दिलेले’ अशा अर्थाच्या लॅटिन ‘डाटा’पासून आला आहे, म्हणून शब्दकोशात या दोघांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात.