खानदेशच्या इतिहासात काम करायचंय? आधी तारीख लावायला शिका

नेट-सेट, पीएच.डी.ची नोंदणी, आराखडा हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मोडीची भीती बाळगू नका. रोज तासभर पानं उतरवून काढली की डोळा बसतो. घात होतो तो कागदावरच्या तारखेत, आणि हे सुरुवातीला कुणी नीट सांगत नाही.

पेशवाईतल्या कागदावर ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ असं वर्ष असतं. आकडे अरबी आणि क्रम एककापासून: इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. म्हणजे ११६१. शेजारी ‘छ’ लिहून चंद्र (म्हणजे चांद्र महिन्याचा दिवस) आणि महिना देतात: सफर, रजब, जिल्हेज. महिना हिजरी दिसला की नवखा वर्षही हिजरी धरतो. हिजरी ११६१ म्हणजे इ.स. १७४८. पण हा सुहूर सन आहे, मराठी कागदांत चालणारा वेगळा सन, आणि सुहूर ११६१ म्हणजे १७६०-६१, पानिपतचं वर्ष. एका गैरसमजात १३ वर्षं जातात आणि त्यावर उभं केलेलं अख्खं प्रकरण कोसळतं.

रीत अशी. सुहूर सन मृग नक्षत्र लागताच बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची, म्हणून तिथे ११६१ अधिक ६००. पण आधी महिना कोणत्या ऋतूत पडला ते जंत्रीत, म्हणजे तारखा जुळवायच्या कोष्टकात, पाहावं लागतं, कारण हिजरी महिने दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतात.

याहून बारीक फास पुढे आहे. सुहूर वर्ष सौर, ३६५ दिवसांचं. बारा चांद्र महिने ३५४ दिवसांचे. त्यामुळे वर्षारंभीच्या साधारण ११ दिवसांतले चंद्र-महिने त्याच सनाच्या शेवटी पुन्हा येतात. सन तोच, महिना तोच, चंद्र तोच, आणि दोन तारखांत जवळजवळ वर्षाचं अंतर! मृगाच्या आगेमागे पडणारा कागद हाती आला की वार किंवा तिथी शोधा. ती नसेल तर मजकुरातल्या घटनांवरून ठरवा. तरीही ठरलं नाही, तर दोन्ही तारखा लिहा. परीक्षकाला त्यात कमीपणा दिसत नाही. ठोकून दिलेली तारीख मात्र खटकते.

खानदेशात गुंता अधिक आहे. बुऱ्हाणपूरच्या मोगली फारसी कागदांत हिजरी किंवा जुलूस सन (बादशहा गादीवर आल्यापासून मोजलेला). वसुलीच्या कागदांत फसली, म्हणजे पिकाच्या हंगामावरचा सन. त्यात मृगानंतर ५९०, जानेवारीनंतर ५९१ मिळवायचे. गुजराती व्यापाऱ्यांच्या वह्यांत विक्रम संवत, तोही कार्तिकापासून सुरू होणारा. सप्टेंबर १७५२ आधीच्या इंग्रजी पत्रांतल्या तारखा जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या, म्हणून अठराव्या शतकात ११ दिवस मागे असतात. आणि १९०६ आधीचा ‘खानदेश जिल्हा’ म्हणजे पूर्व आणि पश्चिम मिळून. त्याचे आकडे आजच्या जळगावच्या आकड्यांशेजारी ठेवू नका.

आडवाट म्हणून लोक छापील निवडक कागद वापरतात. वापरा, पण निवड संपादकाची असते आणि कंसातली इंग्रजी तारीखही त्यानेच लावलेली असते. शिवकाळासाठी खरे जंत्री आणि पेशवाईसाठी मोडक जंत्री शेजारी ठेवून ती स्वतः पडताळा. वहीत मूळ अक्षरं, सन, चंद्र-महिना आणि काढलेली तारीख वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. नुसती इंग्रजी तारीख उतरवलीत तर चूक कुठे झाली ते नंतर सापडणार नाही, आणि रुमाल (दप्तरातलं कागदांचं गाठोडं) पुन्हा सोडावा लागेल. पुण्याला पेशवे दप्तरात जाण्याआधी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसा.

मार्गदर्शक नावाजलेला असण्यापेक्षा मसुद्यावर पेन चालवणारा हवा. जो फक्त सहीपुरता भेटतो, त्याच्याकडे जाऊच नका.

नोकरीचं स्पष्ट सांगतो: बरीच वर्षं तासिका तत्त्वावर काढावी लागतील, ही तयारी ठेवूनच या क्षेत्रात या. कायम झालात तरी सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं. दप्तराचं काम सुट्ट्यांत बसवा, जंत्रीचं घरी. वर्गात एखादं मोडी पान नेऊन मुलांकडूनच सन फोडून घ्या. अहिराणी गाण्यांची, कानबाईच्या ओव्यांची आवड असेल तर तीही जपा. गाणं कुठे, कुणाकडून, कोणत्या सणाला ऐकलं ते त्याच दिवशी टिपून ठेवलं, तर पुढे त्यातूनच लेखाचा विषय निघतो.