घरापर्यंत येणारा फवारा कसा मोजायचा

यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या पावसाळ्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून फवारणाऱ्याची थोडीफार चौकशी होते. पण हातात पंप न धरता नुसतं वावराला लागून राहणारं माणूस, म्हणजे गर्भार बाई, रांगणारं लेकरू, ओसरीत बसलेली आजी, यांच्या अंगात काय जातं हे विचारणारे अजून थोडेच. मी याच कापूसपट्ट्यात आरोग्य पाहणीसाठी घरोघरी फिरते. या कामाला नव्यानं लागणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

माझी पहिल्या वर्षाची चूक आधी सांगते. प्रश्नावलीत दोन प्रश्न होते : शेत आहे का, आणि घरापासून किती लांब? गावाच्या टोकाच्या घरातली बाई म्हणाली, "आमाले वावरच नाई ताई, फवारा कायचा?" मी शून्य लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. पोळ्याच्या सुमारास परत त्या घरी जाणं झालं, तेव्हा पहिल्यांदा मागच्या अंगाला वळले. कुडाच्या भिंतीपासून चार पावलांवर दुसऱ्याची पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, आणि तिच्यात फवारा चालू. पंपाच्या तोंडातून निघणारं धुकं वाऱ्यावर तरंगत येऊन दोरीवरच्या लुगड्यावर आणि झाकण नसलेल्या पाण्याच्या टाकीवर बसत होतं. बाई स्वतः त्याच वावरात निंदायला जायची, आणि लेकराचा झोका धुऱ्यावरच्या बाभळीला बांधायची. माझ्या कागदावर मात्र शून्य.

म्हणून मालकी विचारू नका, शेजार विचारा. आणि विचारून थांबू नका, घराला एक चक्कर मारा.

अंतराचं गणित बाहेरून उचललं की फसतं. कॅलिफोर्नियात 1990 पासून शेतातल्या प्रत्येक फवारणीची सरकारदरबारी नोंद करावी लागते : कोणतं औषध, किती, कधी, आणि कोणत्या एक चौरस मैलाच्या चौकोनात. तिथले संशोधक घराभोवती 500 मीटर किंवा एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढतात आणि आतल्या औषधाची बेरीज करतात. आपल्याकडे अशी वही नाही, ही एक अडचण. त्याहून मोठी अडचण गावाच्या ठेवणीची आहे. एक किलोमीटरच्या वर्तुळात 314 हेक्टर येतात. आपलं गाव मध्यभागी दाटीनं वसलेलं, सगळीकडून पऱ्हाटी आणि सोयाबीन. एवढ्या वर्तुळात प्रत्येक घराला जवळपास एकच आकडा मिळतो, आणि घराघरात फरकच दिसला नाही तर आजाराशी संबंध लावणार कशाचा? मी 100 मीटरचं वर्तुळ मुख्य धरते. त्यात तीन हेक्टरच्या थोडं वर, म्हणजे आठ एकरांच्या आत जमीन येते. तीन-चार शेतकरी, चालत जाऊन भेटता येतात. 500 मीटरचं वर्तुळ जोडीला ठेवा.

जीपीएस ठिकाण दारात उभं राहून घ्या, मग मागच्या भिंतीपाशी पुन्हा एकदा. आजूबाजूच्या गटात काय पेरलं आहे हे 2021 पासूनच्या ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरून होणाऱ्या सरकारी पीकनोंदीत सापडतं, पण आंतरपिकाची तूर कधी कधी राहून गेलेली असते. उपग्रहाच्या फोटोंवर विसंबलात तर ऐन फवारणीच्या दिवसांत ढगच दिसतील. पायानं केलेली खात्री सोडू नका.

तारीख विचारली की माणूस गोंधळतो, सण विचारला की नेमकं सांगतो. "नागपंचमीच्या आधी का नंतर? बैल सजवले तेव्हा झाला होता का दुसरा फवारा? घट बसले तेव्हा?" सोयाबीनचं तणनाशक पेरणीनंतर थोड्याच आठवड्यांत, पऱ्हाटीवर मावा-तुडतुड्यांसाठी श्रावणाच्या आगेमागे, बोंडअळीसाठी पोळ्यापासून पुढे, तुरीवर फुला-शेंगांच्या वेळी. हे वेळापत्रक मनात असलं की सुटलेला फवारा लगेच ध्यानात येतो. सोबत वाऱ्याची दिशा लिहा. पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून, म्हणजे वावराच्या पूर्वेला असलेल्या घरावर जास्त येणार. पावसाळा सरला की वारा फिरतो आणि घरांची पाळीही बदलते.

औषधाचं नाव तोंडी घेऊ नका, रिकामा डबा मागा. कृषी केंद्राचं बिल मिळालं तर सोनं, पण उधारीचा माल पुष्कळदा भावाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या नावावर असतो, तेही विचारा. मग मूळ विषाचं वजन काढा. 75 टक्क्यांच्या अॅसिफेटच्या 100 ग्रॅम पुडीत 75 ग्रॅम मूळ औषध, तर 5 टक्क्यांच्या इमामेक्टिनच्या तेवढ्याच पुडीत पाचच ग्रॅम. पुड्या मोजून बेरीज केली तर काहीच कळत नाही. आणि पाच ग्रॅम म्हणजे कमी धोका असंही नाही, दोन्हींचा जोर वेगळा. औषधाच्या प्रत्येक प्रकाराचा हिशेब वेगळा ठेवा.

आता घरात या. माझ्या मते खरा फरक इथेच पडतो, आणि इथेच आपण घाई करतो. पंप कुठं ठेवता? ज्या घरी मी हे नुसतं विचारलं तिथं "बाहेरच" असं उत्तर मिळालं, आणि "दाखवता का?" म्हटल्यावर पंप धान्याच्या कोठीमागून निघाला. फवाऱ्याचा सदरा कोण धुतं, कुठं, कोणत्या कपड्यांसोबत? एका घरी तो सदरा लेकराच्या झबल्यांसोबत एकाच घमेल्यात भिजत होता. पाण्याला निळसर झाक आली होती आणि सूनबाई उघड्या हातानं चोळत होती. असं घर वावरापासून लांब असलं तरी त्याला कमी आकडा देता येत नाही. उन्हा-पावसानं बाहेरचं औषध विरतं, घरातल्या धुळीत ते महिनोन्महिने टिकतं. रांगणाऱ्या लेकराचा हात जमिनीवरून थेट तोंडात जातो. धूळ तपासायची तर शेणानं सारवलेली जमीन सोडा, सारवण झालं की खालचं झाकलं जातं. पत्र्याच्या पेटीवरचा, चौकटीवरचा मोजून घेतलेला चौकोन ओल्या कापडानं टिपा.

लघवीच्या तपासणीवर फार भिस्त ठेवू नका. यातली बरीच औषधं काही तासांत नाहीतर दोन-चार दिवसांत शरीराबाहेर पडतात, त्यामुळे एक नमुना म्हणजे फक्त त्या आठवड्याची गोष्ट. पेरणीआधी, ऐन फवारणीत आणि नंतर, असे तीन तरी घ्या. त्याच वेळी बैलांच्या गोचिडांवर किंवा घरातल्या झुरळांवर काही मारलं का हेही विचारा. सायपरमेथ्रिनसारखं कीटकनाशक तिथूनही अंगात येतं. काही कीटकनाशकांनी रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं विकर दबतं, पण त्याची पातळी माणसागणिक वेगळी असते, म्हणून ज्याची त्याची उन्हाळ्यातली पातळी हाताशी असल्याशिवाय पावसाळ्यातल्या आकड्याला अर्थ नाही.

फिरताना कोणाला दरदरून घाम, लाळ, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर कागद बाजूला ठेवा. कपडे उतरवून अंग धुवायला सांगा, औषधाचा डबा सोबत द्या आणि दवाखान्यात पोचवा. फॉर्म नंतर भरता येतो.

एक खबरदारी राहिली. ज्या घरात आजार आहे ते घर फवारे जास्त आठवून सांगतं. म्हणून प्रश्न विचारणाऱ्याला आजारी घर कोणतं ते कळू देऊ नका, आणि सगळ्यांना तेच शब्द वापरा. माझ्यासारखी शून्यं सगळीकडे सारखी सांडली तर उलटं होतं, खरा संबंध असूनही तो पुसट दिसतो.

त्या बाईच्या घरी मी पुढच्या वर्षी पुन्हा बसले, या वेळी दोन तास. सगळं लिहून झाल्यावर ती म्हणाली, "लिवलं ना ताई? आता सांगा, टाकीले झाकण कुठून आणू?" तालुक्याच्या बाजारातून पत्रा कापून आणला, तिच्या नवऱ्यानं तो बसवला. प्रश्नावलीत तेव्हापासून एक रकाना वाढला आहे : पिण्याच्या पाण्याच्या टाकीला झाकण आहे का, स्वतः पाहून लिहा.