तांबी, क्युरेटिंग आणि प्रतिजैविके : या चुका टाळा

गर्भाशयाची दुर्बिणीतून तपासणी असो, अस्तराचा तुकडा काढणे असो वा तांबी बसवणे असो, घरी निघताना पाच दिवसांच्या गोळ्यांची चिठ्ठी हाती पडण्याची प्रथा आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती मिळाली नाही तर नातेवाइकांनाच काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. या तिन्हींत संसर्गाचा धोका मुळातच कमी असतो आणि अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये अशा वेळी सरसकट प्रतिजैविक न देण्याचीच शिफारस केली आहे.

दुसरी चूक वेळेची. प्रतिबंधक औषध शस्त्रक्रियेच्या क्षणी शरीरात पोहोचलेले असावे लागते. म्हणून गर्भपातासाठी पिशवी रिकामी करताना डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक आधी दिले जाते, आणि नंतर आठवडाभर गोळ्या चालू ठेवल्याने जुलाब, बुरशीसंसर्ग आणि औषधाला दाद न देणारे जंतू यांपलीकडे फारसे काही पदरात पडत नाही. अपूर्ण गर्भपातानंतरच्या क्युरेटिंगबाबत चित्र इतके स्वच्छ नाही. मलावी, पाकिस्तान, टांझानिया आणि युगांडा येथील सुमारे ३,४०० महिलांवरील २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओटीपोटातील संसर्गाचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ४.१ टक्के, तर न घेणाऱ्यांत ५.३ टक्के आढळले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही, मात्र निदानाचे कडक निकष लावल्यावर तो अधिक ठळक दिसला.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र गोळ्यांची नसून तपासणीची आहे. तांबीनंतरचा संसर्ग मुख्यतः पहिल्या वीस दिवसांत होतो, आणि त्यामागे बहुधा गर्भाशयमुखात आधीपासून असलेला क्लॅमिडिया किंवा गोनोरिया (लैंगिक संबंधातून पसरणारे जंतुसंसर्ग) असतो. गर्भाशयमुखातून पूसारखा स्राव दिसत असताना ‘वरून गोळ्या देऊ’ म्हणून तांबी बसवणे सर्वस्वी चुकीचे आहे. आधी उपचार, मग तांबी.

नंतर ताप, ओटीपोटात वाढती कळ किंवा दुर्गंधीयुक्त स्राव सुरू झाल्यास औषधाच्या दुकानातून गोळ्या बदलून घेऊ नयेत. क्युरेटिंगनंतर आत अवशेष राहिले असल्यास ते सोनोग्राफीत शोधून काढावे लागतात. तांबी असलेल्या रुग्णेत ती घाईने काढण्याची गरज सहसा नसते. उपचार सुरू करून ४८ ते ७२ तासांनी पुन्हा तपासावे आणि सुधारणा नसेल तर काढण्याचा विचार करावा.